पिवळ्या फळीची जागा

कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवला की त्याचा कडूपणा हळूहळू निवत जातो, आणि मागं उरतो तो एक मंद, कोरडा, धान्याच्या कणगीतून यावा तसा वास. चैत्र सरत आला की हा वास मला कुठंही गाठतो, आणि मग मला आधी कुमुदताईंचे हात आठवतात, नंतर कुमुदताई. सिंचनाच्या कामांची पुस्तकं आणि नकाशे सांभाळणाऱ्या एका लहानशा ग्रंथालयात त्या ग्रंथपाल होत्या. उत्तरेकडच्या खिडकीपाशी जुनी वर्तमानपत्रं अंथरून त्या त्यावर पाला पसरत आणि येता-जाता बोटांनी तो वरखाली करत. कूलरची एकसुरी घरघर, काचेतून गाळून आलेला वैशाखातला पांढरा उजेड, आणि त्या उजेडात वाळत्या पानांची अगदी हलकी कुरकुर. पुढं तोच पाला मलमलीच्या पुरचुंड्यांत बांधला जाई आणि कपाटांच्या कोपऱ्यांत जाऊन बसे. पुस्तकं खाणारी कसर मारायची औषधं बाजारात मिळतात, मग हा उपद्व्याप कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "औषधानं कसर मरती आन् वाचणारा शिंकत बसतो," त्या म्हणाल्या. "पाल्यानं कसर नुसती दुसरीकडं जाती. कुणाचं काय वाईट होत नाय."

कपाटातून पुस्तक काढण्याची त्यांची एक खास रीत होती. आपण सगळे पुस्तकाच्या माथ्यावर बोट अडकवतो आणि ओढतो. तसं ओढत राहिलं की पाठीचा कपडा वरच्या टोकाला फाटतो. कुठल्याही ग्रंथालयात जा, निम्मी पुस्तकं अशी टाळूवर जखम घेऊन उभी असतात. कुमुदताई आधी दोन्ही बाजूंच्या पुस्तकांना बोटांनी किंचित मागं सारत, मधल्याची कंबर मोकळी झाली की तिथं धरत, आणि मग ते अलगद बाहेर येई. घाईच्या वेळीही त्यांची ही रीत मोडली नाही. मी त्यांच्याकडून जे काही शिकले त्यातलं निम्मं मला नुसतं या हालचालीकडं बघून शिकता आलं असतं, पण ते कळायला मला फार वर्षं लागली.

मी नीलिमा. एका वैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळते. माझ्यासारख्यांना विशेष ग्रंथपाल म्हणतात, म्हणजे एकाच विषयाच्या पुस्तकांत जन्म काढणारी माणसं. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एकटेपणा असा आहे. शाळेत शिक्षकांना शिक्षक भेटतात, दवाखान्यात डॉक्टरांना डॉक्टर. माझ्या इमारतीत शेकडो माणसं वावरतात, पण आज एका पुस्तकाचा वर्गांक ठरवताना माझी दुपार कशी गेली हे ज्याला सांगावं असं त्यांत कुणी नाही. डॉक्टरमंडळींच्या लेखी मी 'त्या बुकवाल्या मॅडम' आहे. राग येतो, पण सांगायचा कुणाला? तिकडं वकिलांच्या ग्रंथालयात देविदास काळे असेच एकटे, जुन्या शहरात उर्दू-फारसी हस्तलिखितांच्या राखणीला बसलेले हमीदभाई तसेच एकटे. या एकेकट्या माणसांना एका चटईवर आणून बसवलं ते कुमुदताईंनी. आमचं मंडळ ते हे. त्याला ना इमारत, ना पाटी. महिन्यातल्या एका शनिवारी कुणा एकाच्या ग्रंथालयात जमायचं, एवढंच. पण त्या एका शनिवारच्या भरवशावर मी बाकीचा महिना काढत आले आहे, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा एका बाजूला काळे बसले होते आणि दुसऱ्या बाजूला हमीदभाई. दोघंही बोलायला लागले की धबधबा. काळ्यांचा आवाज वकिलांत राहून चढलेला, हमीदभाईंचा मुळातलाच गोड पण न थांबणारा. मध्ये मी, तोंडाला कुलूप लावून. कुमुदताईंनी समोरून दोन्ही हात पुढं केले, एक त्यांच्या दिशेनं, एक यांच्या. "थांबा जरा दोघं बी. हिचं राहिलंय." दोन शेजारी मागं सरकले आणि मी कंबरेत धरून अलगद बाहेर काढली गेले. त्या दिवशी मी काय बोलले ते आठवत नाही. कुणीतरी ऐकत होतं एवढं आठवतं.

मंडळाची रीत साधी होती. प्रत्येकानं आपल्या वाचकाचा एक असा प्रश्न घेऊन यायचा, ज्याचं उत्तर आपल्या ग्रंथालयात मिळालं नाही. वाचकाचं नाव घ्यायचं नाही, नुसता प्रश्न मांडायचा. ज्याला वाटेल त्यानं तो आपल्या घरी न्यायचा आणि पुढच्या शनिवारी उत्तर आणायचं, तेही आधारासकट. कुठल्या ग्रंथात, कुठल्या पानावर. 'मला पक्कं आठवतंय' म्हटलं की कुमुदताई मान हलवत. आठवण चहाबरोबर सांगायची, उत्तर म्हणून नाही, असा त्यांचा दंडक होता. आणि आणखी एक दंडक त्यांनी अगदी सुरुवातीलाच घालून ठेवला होता: ज्या शनिवारी एकाकडंही प्रश्न नसेल, त्या शनिवारी चहा प्यायचा, मंडळ बंद करायचं आणि आनंदानं घरी जायचं. "काम सरल्यावर बी दुकान उघडं ठिवून बसणारी माणसं मला आवडत नाय," त्या म्हणत. आम्ही हसत असू. प्रश्न सरतील असं तेव्हा कुणाला वाटलं होतं?

कारण प्रश्न येत ते श्रावणातल्या पाण्यासारखे, चहूबाजूंनी. काळ्यांकडं विहिरीच्या भांडणातला एक वकील यायचा. त्याला हवं असायचं की पाण्याच्या जुन्या नहरीची जमिनीखालची वाट त्या गल्लीतून जायची की पलीकडून. कायद्याच्या पुस्तकात ते कुठून सापडणार? नकाशा निघायचा कुमुदताईंच्या कपाटातून, त्यावरच्या फारसी नोंदी वाचायचे हमीदभाई, आणि एखादी मोजणी अडली की चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या ग्रंथालयातून प्रणिता ती सोडवून आणायची. ही प्रणिता आमच्यात सर्वांत धाकटी, बोलण्यात तिखट आणि कामात चोख. असं चार ग्रंथालयांतून हिंडून आलेलं उत्तर घेऊन तो वकील निघून जाई, आणि आपल्यासाठी किती कपाटं उघडली गेली हे त्याला कधी कळत नसे. कुमुदताईंना त्यातच धन्यता होती. शुभ्र, शांत, शरदातल्या सकाळसारखी त्यांची ती धन्यता. तिला ना कौतुकाची तहान, ना उपेक्षेचा डाग.

त्यांच्या ग्रंथालयातली आणखी एक वस्तू सांगायला हवी. पुस्तक बांधणीला गेलं की त्याच्या जागी लाकडाची एक फळी ठेवतात, पुस्तकाच्याच आकाराची. आम्ही तिला डमी म्हणतो. सगळीकडं ती मळकट, बिनरंगाची असते. कुमुदताईंनी आपल्या फळ्या हळदीसारख्या पिवळ्या रंगवून घेतल्या होत्या. लांबूनच दिसावं की इथलं कुणीतरी बाहेर गेलंय. "नुसती मोकळी जागा दिसली की लोक तिथं काय बी कोंबत्यात," त्या सांगत. "जागा धरून ठिवावी लागती." तपकिरी पाठींच्या रांगांत मध्येच उभ्या असलेल्या त्या पिवळ्या फळ्यांवर तिरपं ऊन पडलं की सबंध खोली उजळल्यासारखी व्हायची.

अशा माणसांच्या हातूनही चूक होते, आणि ती अशी होते की दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. जागेची टंचाई सगळीकडंच. एकदा ठरलं की एका जुन्या नियतकालिकाचे बांधीव खंड पाचही ठिकाणी कशाला, एकानं ठेवले म्हणजे पुरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी ठेवायचे हे मात्र कुणी बोललंच नाही. काळ्यांना वाटलं कुमुदताई ठेवतील, कुमुदताईंना वाटलं हमीदभाई काही टाकणाऱ्यांतले नव्हेत, आणि प्रत्येकानं मोठ्या विश्वासानं आपापले खंड रद्दीत काढले. पुढं एका वाचकानं ते मागितले तेव्हा अख्ख्या शहरात एक पान शिल्लक नव्हतं. कुमुदताईंना ते फार लागलं. त्यांनी कुणाला बोल लावला नाही, पण त्यानंतर नवा नियम आला: आधी दुसऱ्याची प्रत स्वतःच्या हातात धरून बघायची, मगच आपली टाकायची. हा नियम आम्ही पुस्तकांच्या बाबतीत जिवापाड पाळला.

मग दिवस पालटले. वाचकाच्या तळहातातच सगळं मिळू लागलं. खरं-खोटं पुढचं, पण उत्तर चटकन आणि ठासून मिळायचं, आणि ठासून मिळालेल्या उत्तरापुढं कोण आमच्या दारात ताटकळणार? माझ्याकडं येणारी तरुण मुलं पुस्तकांपेक्षा पंख्याखालच्या खुर्च्यांसाठी येऊ लागली. शनिवारी जमलो की प्रश्न कमी आणि गुडघेदुखी जास्त असं होऊ लागलं. कधी दोन प्रश्न, कधी एक. तोही कुणीतरी ओढूनताणून आणलेला. एव्हाना कुमुदताई निवृत्त झाल्या होत्या, तरी येत. केस कापसासारखे झाले होते, पण पाठ ताठ, आणि नजरेत तेच निवांत पाणी. प्रश्न आटत चालले आहेत हे त्यांना दिसत होतं, आणि त्या दंडकाचा विसर त्यांना पडला नव्हता. मला रात्रंदिवस तीच धास्ती. हा शनिवार गेला तर माझं सांगायचं कुणाला?

तो शनिवार आला तेव्हा सीताफळांचे दिवस होते. औरंगपुऱ्यापासून गुलमंडीपर्यंत हातगाड्यांवर हिरव्या-करड्या फळांचे ढीग लागले होते. बैठक हमीदभाईंकडं होती. उंच छताची, थंडगार, शाईच्या आणि जुन्या कातड्याच्या वासाची ती खोली. झरोक्यातून येणारी उन्हाची एक पट्टी फरशीवरून सरकत भिंतीपाशी गेली होती. हमीदभाईंनी नानखटाईची ताटली मध्ये ठेवली आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "हां, बोला. किसका सवाल है?"

काळ्यांनी घसा खाकरला आणि खिडकीबाहेर बघितलं. मी आदल्या आठवड्यात तीन वाचकांना खोदून खोदून विचारलं होतं, सगळ्यांना सगळं मिळालेलं होतं. खोटा प्रश्न रचून आणावा असंही मनात आलं होतं, पण कुमुदताईंच्या समोर तो माझ्या जिभेवर आला नसता.

कुमुदताईंनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. कापणी झालेल्या शेताकडं बघताना माणसाचा चेहरा होतो तसा तो झाला होता. "मग ठरलंय तसं करू," त्या म्हणाल्या. "लई चांगलं चाललं आपलं. हमीदभाई, चहा आणा."

माझे डोळे भरून आले. हमीदभाई उठले, पण दारापर्यंत जाऊन तिथंच थबकले. तेवढ्यात प्रणिता म्हणाली, "बंदच करायचंय तर एक सांगा. काल मी आपल्या मंडळाबद्दल शोधत होते. म्हटलं, जाता जाता चार ओळी लिहून ठेवाव्यात. कुठं म्हणजे कुठंच काही नाय. मंडळ सुरू कधी झालं, पहिली बैठक कुठं झाली, कोण कोण होतं? फाईल कुणाकडं आहे?"

"हमीदभाईंकडं," कुमुदताई सहज म्हणाल्या.

"मेरे पास?" हमीदभाई दारातून वळले. "नक्को बाबा! मी तर समजत होतो, काळेसाहेब ठेवतात. कायद्याचा माणूस."

"मी?" काळ्यांचा आवाज चढला. "अहो, मी तर नीलिमाताईंना कितीदा म्हटलं असेल की तुमचं अक्षर चांगलं आहे."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी कुमुदताईंकडं बघितलं. मला आजवर खात्री होती की सगळे कागद त्यांच्याच कपाटात, पाल्याच्या पुरचुंडीशेजारी, नीट बांधून ठेवलेले आहेत. त्या कपाटाचं दार मी मनातल्या मनात कितीतरी वेळा उघडून बघितलं होतं. प्रत्यक्षात मात्र कधीच नाही. शहरभरच्या लोकांचे कागद जपणाऱ्या माणसांनी स्वतःचा एक चिठोराही जपला नव्हता. प्रत्येकानं दुसऱ्यावर विश्वास टाकला होता, आणि त्या विश्वासात अख्खं मंडळ रद्दीत गेलं होतं.

कुमुदताई क्षणभर गोऱ्यामोऱ्या झाल्या. हातात धरून बघा, असं जन्मभर बजावणारी बाई! मग त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग पदर तोंडाला गेला, मग डोळ्यांतून पाणी. ते हसू संसर्गासारखं पसरलं. काळे मांडीवर थाप मारून हसले, हमीदभाई दाराला टेकून हसले. इतक्या मोकळेपणानं आम्ही सगळे मिळून पूर्वी कधी हसलो होतो ते मला आठवत नाही.

"ताई, मग तुम्हीच सांगा ना," मी म्हटलं. "तुम्ही तर होतात."

"व्हय, व्हते की. पण माझी बी आठवणच हाय ती. आधार कुठाय?" त्यांनी डोळे पुसले आणि पाठ ताठ केली. "मंडळ बंद करता यायचं नाय. प्रश्न आलाय."

मग चहा आला आणि दंडकाप्रमाणे चहाबरोबर आठवणी निघाल्या. हमीदभाईंच्या मते पहिली बैठक याच खोलीत, थंडीत झाली, आणि त्यांच्या अम्मींनी सगळ्यांसाठी खिचडी पाठवली. काळे शपथेवर सांगत होते की ती वकिलांच्या ग्रंथालयात झाली आणि बाहेर धो धो पाऊस होता. दोघंही एकमेकांच्या ऋतूंवर तुटून पडले. कुमुदताई बशीतला चहा फुंकत ऐकत होत्या. कुणाला दुजोरा नाही, कुणाला नकार नाही. उन्हाची पट्टी आता त्यांच्या हातावर आली होती. बैठक उठताना त्या माझ्याकडं वळल्या. "हा प्रश्न तू घरी ने, नीलिमा."

हिवाळा संपता संपता त्या लेकीकडं नाशिकला राहायला गेल्या. एकटीनं राहायचं वय उरलं नव्हतं, आणि जाण्याचं त्यांना ओझंही नव्हतं. निरोप द्यायला मी गेले तेव्हा रिक्षा दारात उभी होती. पिशव्या आत ठेवून झाल्यावर त्यांनी मला जवळ ओढलं आणि पहिल्या बैठकीची हकिगत कानात सांगितली: कुठं, कोणत्या ऋतूत, कोण कोण, आणि काय खाल्लं. काळेही चुकले होते आणि हमीदभाईही. "आठवण म्हणून सांगितलं हं," त्या म्हणाल्या. "उत्तर म्हणून नाय." रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तरी त्यांच्या पदराचा तो कोरडा, कडवट-गोड वास माझ्या खांद्यावर राहिला होता.

आता आम्ही भेटतो तेव्हा त्यांच्या खुर्चीवर एक पिवळी फळी असते. सिंचनाच्या ग्रंथालयातून ती प्रणितानं आणली. तिथं बांधणीला पुस्तकं पाठवण्याची रीतच आता थांबली आहे. पहिल्यांदा ती ठेवली त्या दिवसापासून त्या खुर्चीवर पिशवी ठेवायची काळ्यांची सवय मोडली. काही शनिवारी नवे प्रश्न येतात. ठासून मिळालेली उत्तरं एकमेकांशी जुळेनात म्हणून गोंधळलेली माणसं हल्ली पुन्हा आमच्याकडं वळू लागली आहेत. काही शनिवारी एकही प्रश्न येत नाही. त्या शनिवारी मी माझा जुना प्रश्न पुन्हा मांडते, आधार मिळाला नाही म्हणून सांगते, आणि हमीदभाई समाधानानं चहा आणायला उठतात. रविवारी सकाळी नाशिकहून फोन येतो.

"मिळाला का आधार?"

"नाही, ताई."

"मग बसा शोधत," त्या म्हणतात, आणि त्यांच्या आवाजातलं हसू मला इथं ऐकू येतं.

हे शब्दचित्र छापायला द्यायचं ठरलं तेव्हा हमीदभाईंनी मला बाजूला घेतलं. "नीलिमाताई, सोच के लिखना," ते म्हणाले. "छप गया तो आधार हो गया." खरं आहे. छापलेल्या पानाला आम्ही नाही म्हणू शकत नाही. उद्या प्रणिता हाच अंक पुढं करील, पान दाखवील, आणि माझा प्रश्न सुटेल. म्हणून कुमुदताईंचे हात मी इथं लिहिले, त्यांचा पाला, त्यांचं हसू, झरोक्यातलं ऊन, सारं आठवेल तसं लिहिलं. पण आमची पहिली बैठक कुठं झाली, ते मला ठाऊक असूनही लिहिलेलं नाही. त्या ओळीच्या जागी मी एक पिवळी फळी ठेवते आहे. काळ रिकाम्या जागेत काय वाटेल ते कोंबत असतो. ही एवढी जागा मात्र धरून ठेवलेली आहे, आणि ती धरलेली आहे तोवर आम्ही भेटत राहू, नाशिकहून फोन येत राहील, आणि पुढं कधी तो यायचा थांबला, तरी कुणीतरी बाहेर गेलंय, एवढंच आम्ही म्हणू.